झीज मागे फिरत नाही

वर्गात मी एक वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहीत असे: झीज मागे फिरत नाही. मुले हसत. विळ्याची धार गेली की ती पाजवल्याशिवाय येत नाही आणि चपलेची टाच घासली की घासलीच, हे सांगायला मास्तर कशाला हवा, असा त्या हसण्याचा अर्थ असे. मी ते हसू पुरते ओसरू देई आणि मग सांगे की उघड वाटणारी गोष्टच कसोटीच्या वेळी आपण विसरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोजमाप हा विषय शिकवताना माझी भिस्त या एका वाक्यावर होती. निवृत्तीनंतर बल्लारपुरात स्थिरावलो, आणि आसपासचे लहान कारखानदार मला यंत्रांच्या झिजेचा अंदाज करण्यासाठी बोलावू लागले. तेव्हाही माझ्याजवळ भांडवल म्हणून हेच वाक्य होते.

ज्या उन्हाळ्यात ते वाक्य मला खोटे वाटू लागले, त्याची ही हकीकत.

पोंभुर्ण्याबाहेर रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे पिण्याच्या पाण्याच्या जारला बसवायच्या प्लास्टिकच्या तोट्या तयार होतात. मालक बल्लारपूरचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान. त्यांच्या वडिलांचे टिनाचे काम होते. नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या आणि धान्याची मापे ते हाताने घडवीत. मुलाने नागपूरहून एक जुने मशीन आणले आणि टिनावरून प्लास्टिकवर आला. मशीन एकच. कामाला जवळच्या गावांतल्या चार बाया. त्यांतली थोरली बाई मशीनवर बसे, बाकीच्या तोट्यांच्या कडा साफ करून पोत्यांत भरीत.

ज्यांनी असे मशीन पाहिले नाही त्यांनी घरातला सोऱ्या डोळ्यांसमोर आणावा. सोऱ्यात पीठ भरून दट्ट्या दाबला की जाळीतून चकली बाहेर पडते. इथे पिठाच्या जागी प्लास्टिकचे दाणे असतात. वरच्या हौदासारख्या डब्यातून, म्हणजे हॉपरमधून, ते तापलेल्या नळीत उतरतात. नळीत एक लांब स्क्रू फिरत असतो. तो दाणे पुढे नेतो, वितळवतो आणि शेवटी स्वतःच दट्ट्या होऊन वितळलेला माल साच्यात दाबतो. सोऱ्याचा दट्ट्या सैल असेल तर पीठ जाळीतून न उतरता दट्ट्याच्या कडेने वर चढते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. तसे होऊ नये म्हणून स्क्रूच्या टोकाला एक पोलादी कडी असते. माल पुढे जाऊ द्यायचा, मागे येऊ द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. ती कडी झिजली की माल मागे सरकतो, तोटी अपुरी भरते, आणि जारमधून पाणी ठिबकते.

स्वस्त तोटीच्या मालात खडूची भुकटी मिसळतात. ज्या खडूने माझ्या बोटांची कातडी आयुष्यभर खाल्ली तोच त्या कडीलाही खात होता. त्यामुळे त्या मशीनविषयी मला एक खासगी सहानुभूती होती, असे म्हटले तरी चालेल.

चैत्र लागला होता. मालकांचा फोन आला.

“सर, मशीन बुढी झाली जी. एक डाव नाडी पाहून द्या.”

“काय होते आहे?”

“तोट्या कोणती भरते, कोणती नाई भरत. माल घ्याले टाइम लावून राह्यली. अन् जारवाला व्यापारी पूर्ण उन्हाळ्याची ऑर्डर द्याले तयार आहे. बजाराच्या दिवशी त्याले हो का नाई सांगाचं आहे. हो म्हटलं अन् मंधात मशीन बसली, तर तो माणूस परत माह्या दारात पाय नाई ठेवणार. नाई म्हटलं तर नागपूरचा तोटीवाला टपून बसलाच आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, हा उन्हाळा निघते का नाई?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर एका शब्दाचे होते. त्या शब्दावर त्यांची शेड अवलंबून होती.

कुठेही जाण्यापूर्वी कळवून जावे ही माझी सवय. मी कळवले आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर गेलो. वाटेवर मोहाच्या फुलांचा गोड, किंचित आंबूस वास होता. त्या दिवसांत आमच्याकडे तो वास सगळीकडेच असतो; शेडमध्येही होता. त्याची मी वेगळी दखल घेतली नाही.

स्क्रूच्या बाजूला एक पट्टी असते आणि तिच्यावर काटा सरकतो. माल दाबून झाल्यावरही थोडा माल टोकाशी उरला पाहिजे. त्याला कारखान्यात कुशन म्हणतात. काटा त्या खुणेवर थांबला तर कडी शाबूत. काटा हळूहळू पुढे घसरला तर माल मागे गळतो आहे, म्हणजे कडी झिजली. आदल्या पावसाळ्यात याच मशीनवर मी ही घसरण पाहिली होती. तेव्हा ती अगदी थोडी होती, पण प्रत्येक वेळी सारखी होती.

या वेळी काट्याने माझी फजिती केली. एका खेपेला तो खुणेवर ठाम राही, पुढच्या खेपेला थेट शून्यावर जाऊन आदळे. स्क्रूला नवा माल घ्यायला कधी थोडा वेळ लागे, कधी फारच. नळीच्या मागच्या भागाचे तापमानही ठरवल्यापेक्षा वर दिसत होते. त्यावर मी मनाशी म्हटले, चंद्रपूरच्या चैत्रात कोणते तापमान खाली राहते? आणि तो आकडा बाजूला ठेवला.

“गेली ना?” मालकांनी विचारले.

“थांबा,” मी म्हणालो.

बाईने चहा आणला. आम्ही चहा घेतला, जारवाल्या व्यापाऱ्याविषयी बोललो, आणि मी परत काट्यासमोर बसलो. काटा सुधारत होता. मग त्याने शून्यावर आदळणे सोडले, आणि शेवटी प्रत्येक खेपेला तो जवळजवळ एकाच जागी थांबू लागला. तोट्या भरून येऊ लागल्या.

मालक खूश झाले. “पाहा, तुम्हाले पाहून सुधरली! शाळंतल्या पोरावानी आहे बेटी.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण ते हसू तोंडापुरतेच होते. झिजलेली कडी एका कपभर चहाच्या वेळात भरून येऊ शकत नाही. एकतर मी पाहिले ते चूक होते, नाहीतर आयुष्यभर शिकवले ते.

घरी आल्यावर शेडमधून आणलेली तोट्यांची पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासमोर रिकामी केली आणि एकेक तोटी तोलू लागलो. हलक्या एकीकडे, जड दुसरीकडे. मग वाटले की काटाच चुकत असेल, म्हणून त्याच तोट्या उलट्या क्रमाने तोलल्या. बायको भाजी चिरत होती.

“अहो, त्या तोट्या फोडणीला घालायच्या आहेत का?”

“जरा थांब.”

“मला थांबायला काय. पण तो काटा मला पाहिजे आहे. अन् तुमचा चहा तिथं थंड होऊन राह्यला, तोही तोलून घ्या.”

चहा थंडच प्यायलो. त्या दिवसांत माझे कशातच लक्ष लागेना. वर्तमानपत्र उघडून तसेच मिटे. फाटकापर्यंत जाऊन परत येई. शंकेचे उत्तर नसणे मला शिक्षक म्हणून नवे नव्हते. विद्यार्थ्यांना ‘उद्या सांगतो’ म्हणण्यात मी कधी कमीपणा मानला नाही. पण इथे बाजाराचा दिवस ठरलेला होता, आणि तो माझ्यासाठी पुढे सरकणार नव्हता.

फोन करून पुन्हा गेलो. पुन्हा तेच. सुरुवातीला काटा वेड्यासारखा नाचला आणि मग माझ्यादेखत सरळ झाला. मी परतल्यावर मालकांचा फोन आला, “सर, तुम्ही गेल्यावर दुपारून परत तशीच करून राह्यली.”

आता एकच मार्ग उरला होता: मशीन खोलून कडी बाहेर काढणे आणि मोजणे. मालक त्याला घाबरत होते, आणि त्यांची भीती रास्त होती. टोकाचा भाग नळीत घट्ट बसलेला होता. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये तो जोर लावून काढताना तुटण्याची शक्यता होती.

“खोलली अन् तुटली, तर नवीन टोक येऊस्तोवर उन्हाळा संपून जाईन,” ते म्हणाले. “म्हंजे सर, झिजली का नाई हे पाहाले मी मशीन मारून टाकू?”

“न पाहता हो म्हणायचे असेल तर माझी गरज नाही,” मी जरा तोडूनच बोललो. नंतर वाईट वाटले. शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी मशीन खोलायचे ठरले. मालक पाने आणि जॅक घेऊन दुपारी येणार, मीही तेव्हाच पोचणार.

त्या दिवशी घरी बसवेना, म्हणून सकाळीच निघालो. गावाबाहेर पडतो न पडतो तोच स्कूटर पंक्चर झाली. ती दुकानात टाकून काळी-पिवळी जीप पकडली, फाट्यावर उतरलो आणि उरलेले अंतर चालत गेलो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. रस्त्याच्या कडेची माती अजून चिकट होती. शेडमध्ये शिरलो तेव्हा मशीन चालू होते आणि कोणाचे माझ्याकडे लक्ष नव्हते.

नळीवर एक पत्र्याचे झाकण असते. आतल्या हीटरची उष्णता बाहेर पडावी म्हणून त्याला भोके असतात. त्या झाकणावर, मागच्या टोकापासून हॉपरपर्यंत, एक पोते अंथरले होते, आणि पोत्यावर मोहफुले नीट पसरून वाळत घातली होती. पिवळट, रसाळ, एकमेकांना चिकटलेली. एक बाई ती हाताने उलटवत होती.

थोरल्या बाईने वळून पाहिले आणि ती उभीच राहिली.

“आज गाडीचा आवाज नाई आला जी सर?”

“पंक्चर झाली. हे काय आहे?”

“मोह आहे.”

“मोह आहे ते दिसते आहे. इथे काऊन ठेवला?” घाईत मीही त्यांच्याच बोलीत विचारले.

“मंग कुठी ठेवू? आंगणात टाकलं तर रोज पाणी येऊन राह्यलं. ओला राह्यला का सडते. अंधारात जंगलात जावं, वाघाच्या भेवानं चौघी मिळून जावं, अन् वेचून आणलेला सडवून टाकावं का? इथी दुपारवरी कसा खडखडीत वाळते.”

“मी आलो तेव्हा तर कधी दिसला नाही.”

ती हसली. बाकीच्याही. “तुम्ही येता तवा उचलून ठेवतो ना जी. तुमच्यासारखा माणूस येणार अन् मशीनवर मोह? बरं दिसते का?”

मी स्टूल ओढून बसलो. सगळा हिशेब जुळत होता. झाकणाची भोके पोत्याने बुजली की मागची उष्णता आतच कोंडते. मागचा भाग नको तितका तापतो, आणि दाणे नळीत उतरायच्या आधीच तोंडाशी मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. मग स्क्रूला माल सलग मिळत नाही. भुकेल्या माणसाला घास कधी मोठा, कधी नुसता चाटण्यापुरता मिळावा, तसे होते. त्यामुळे काटा नाचतो आणि तोटी अपुरी राहते. मी येणार म्हणून पोते उचलले की मशीन हळूहळू थंडावते, आणि मी चहा संपवेपर्यंत शहाणे होते. मागच्या तापमानाचा आकडा पहिल्या दिवशीच समोर होता. त्याला मी ऋतूच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

मी त्यांना पोते उचलायला सांगितले आणि काट्यासमोर बसून राहिलो.

मालक पाने घेऊन आले तेव्हा पोते दाराशी होते. त्यांनी पोत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“दिसून गेलं का तुम्हाले?”

“तुम्हाला माहीत होते?”

“मालूम म्हंजे, मीच म्हटलं ना, टाका तिथी म्हणून. फुकटची गरमी आहे, बाया बिचाऱ्या रोज रडून राह्यल्या होत्या. अन् तुम्ही येता म्हटलं का मीच सांगतो, उचला रे बाप्पा. इन्स्पेक्टर आला का शाळा नाई सारवत का तुमच्याकडं?”

सारवत होतो. तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गाच्या खिडक्या पुसल्या जात, तक्ते टांगले जात, आणि सर्वांत दांडगा मुलगा पाणी आणण्याच्या निमित्ताने बाहेर पाठवला जाई. तपासनीस तो वर्ग पाहून ‘उत्तम’ लिहून जात. मोजायला येणाऱ्या माणसासाठी मोजायची गोष्ट किती आवरली जाते, हे शिक्षकाइतके कोणाला माहीत असावे? आता मी तपासनिसाच्या खुर्चीत होतो, आणि मला ते सुचलेही नव्हते.

“मंग खोलाची गरज नाई ना?” मालकांच्या आवाजात एकदम जीव आला. “मशीन चांगलीच आहे म्हंजे.”

“असे मी म्हटलेले नाही.”

कारण एक गोष्ट अजून उरली होती. पोते उचलल्यावर, मागचा भाग थंड होऊन काट्याचा नाच थांबल्यावरही, काटा खुणेवर पूर्ण थांबत नव्हता. तो थोडा पुढे घसरत होता, आणि प्रत्येक खेपेला सारखाच. आदल्या पावसाळ्यात होती तशीच ही घसरण, पण तेव्हापेक्षा अधिक. मोहाचा गोंधळ बाजूला झाल्यावर दिसणारी ही खरी झीज होती, आणि ती मागे फिरलेली नव्हती.

पावसाळ्यातला एक बिंदू, आजचा दुसरा. दोन बिंदूंमधून रेषा ओढता येते, आणि ती रेषा सांगत होती की उन्हाळा निघेल. मात्र दोन बिंदूंनंतर रेषा सरळच जाईल याची हमी भूमितीतही नसते. कडी शेवटी शेवटी अधिक वेगाने झिजते. खोलून पाहिले तर खरे काय ते कळले असते, पण खोलण्यातच मशीन जाण्याचा धोका होता. मालक समोर उभे होते. बाया कामाचे निमित्त करून ऐकत होत्या. मला आणखी एक दिवस हवा होता, आणि तो नव्हता.

“उन्हाळा निघेल,” मी म्हणालो. “व्यापाऱ्याला हो सांगा. मालात खडू कमी घाला, झाकणावर काहीही ठेवू नका, आणि पहिल्या पावसाळी मंदीत कडी काढायचीच.”

“बस! एवढंच पाहिजे होतं.” मग दाराशी पडलेल्या पोत्याकडे त्यांची नजर गेली. “अन् याचं काय कराचं?”

त्यांनी वडिलांची कात्री काढली. मी त्यांना कधी टिन कापताना पाहिले नव्हते. शेडच्या कोपऱ्यातला जुना पत्रा घेऊन त्यांनी थोड्या वेळात चार पायांचा एक पसरट ट्रे ठोकला आणि मशीनपासून दूर, जिथे मशीनच्या पंख्याची गरम हवा भिंतीवर आदळते, तिथे मांडला. थोरल्या बाईने त्यावर मोह पसरला, बोटाने दाबून पाहिला आणि निकाल दिला, “जमते. पण मशीनवरला लवकर वाळत होता.”

तो उन्हाळा मला सुखाचा गेला नाही. मालकांचा फोन वाजला की माझा हात ताटावरून उठे. बहुतेक वेळा ते काही वेगळेच विचारत, आणि मी उत्तर देऊन पुन्हा विचारी, “काटा?” ते म्हणत, “चालते आहे, सर.” एकदा बायको म्हणाली, “मुलीच्या बाळंतपणातही इतके कावरेबावरे नव्हता.” मी म्हणालो, तिथे अंदाज डॉक्टरांचा होता. तिला हे उत्तर फारसे आवडले नाही.

पाऊस लागला, जारचा धंदा थंडावला, आणि एका सकाळी आम्ही मशीन खोलले. टोक निघाले. तुटले नाही. कडी पूर्ण गार होईपर्यंत मी कोणाला मोजू दिले नाही. गरम पोलाद फुगलेले असते आणि झीज कमी दाखवते. मग मायक्रोमीटर लावला. झीज मी धरली होती तिच्या फार जवळ होती. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी कडी उजेडात फिरवली. आतल्या बाजूला एक बारीक तडा होता, केसासारखा. तो माझ्या कोणत्याच रेषेत नव्हता. काटा त्याविषयी काही बोलला नव्हता, आणि बोललाही नसता. तो कधी पडला, आणखी किती टिकला असता, ते मला त्या दिवशी सांगता आले नाही, आणि आजही येत नाही.

“हे पाहा,” मी म्हणालो.

मालकांनी तडा पाहिला. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “पण उन्हाळा तर निघाला ना, सर?”

“निघाला. उत्तर बरोबर आले. या रीतीला मात्र मी पूर्ण गुण देणार नाही.”

थोरल्या बाईने कडी हातात घेऊन मनगटाला लावून पाहिली. “माह्या नातीच्या हातात बसन,” ती म्हणाली, आणि तेलकट बोटे लुगड्याला पुसली.

नवी कडी बसवून मशीन पुन्हा सुरू केले. काटा खुणेवर जाऊन थांबला.

“आता ही किती उन्हाळे काढन?” मालकांनी विचारले.

“ते पाहायला मला मधूनमधून यावे लागेल. आणि आता आधी कळवून येणार नाही.”

“मंग चहाचं दूध कोठून आणावं जी, ऐन वेळेवर?” थोरली बाई म्हणाली.